आडवी बाटली

बीडहून संध्याकाळी सुटणाऱ्या एसटीत कंडक्टर आमच्या स्टॉपचं खरं नाव घेत नाही. चौसाळा यायच्या थोडं आधी तो जागेवरूनच म्हणतो, "चला, आडवी बाटलीवाले." नवीन माणसं एकमेकांकडे बघून हसतात. मी पिशवी उचलते आणि दाराशी जाऊन उभी राहते. दिवसभर तास, मग लायब्ररी, मग उभ्यानं प्रवास. त्यानंतर हसण्याइतकं अंगात काही उरलेलं नसतं. पण ज्यांच्यामुळे आमच्या स्टॉपला हे नाव पडलं, ते वस्ताद मला रोज त्याच वेळी आठवतात.

स्टॉपसमोर एक पत्र्याचं शेड आहे. आता तिथं पंक्चर काढतात. वरचा बोर्ड मात्र कुणी उतरवलेला नाही. रंग उडाला आहे, तरी 'हॉटेल भूमध्य' ही अक्षरं वाचता येतात. त्याखाली 'बाटली तुमची, जेवण आमचं' असं लिहिलेलं आहे, आणि शेजारी एक हिरवी बाटली काढली आहे. ती झोपलेली आहे.

आमच्याकडे हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्याला वस्ताद म्हणतात. हे वस्ताद तरुणपणी मुंबईला गेले, तिथून दुबईला, आणि दुबईहून सायप्रस नावाच्या बेटावर. तिथल्या एका गल्लीतल्या हॉटेलात त्यांनी आधी भांडी, मग भाज्या, मग भट्टी असं करत बरीच वर्षं काढली. त्या हॉटेलात दारू विकत नसत. गिऱ्हाईक आपली वाईन घरून घेऊन यायचं, म्हातारा मालक बाटली हातात घेऊन बघायचा, आणि मग काय खायचं ते तोच सांगायचा. वस्तादांना ही रीत इतकी आवडली की ती घेऊनच ते गावी परतले. "लोकं परदेशातून टीव्ही आणत्यात, घड्याळं आणत्यात," काकू म्हणायची, "ह्यांनी सवय आणली." काकू म्हणजे वस्तादांची बायको.

काकूचं आणि बाटलीचं वैर जुनं होतं. तिच्या माहेरात दारूनं काय झालं ते ती कधी पूर्ण सांगायची नाही, पण हॉटेल काढताना तिनं वस्तादांकडून शब्द घेतला होता की दारू विकायची नाही. वस्तादांनी लगेच दिला. त्यांना विकायची नव्हतीच. लोकांनी आपापली आणावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काकूला ही पळवाट वाटली. जिथं बाटली उघडते तिथं मी पाय ठेवणार नाही, असं म्हणून ती घरी बसली, ती शेवटपर्यंत. घर हॉटेलच्या मागेच होतं. मधे एक दार होतं. ते दार मी सोडून कुणी फारसं वापरत नसे.

मी त्या घरात कशी आले तेही सांगायला हवं. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी कॉलेजला जाणारी आमच्या घरातली पहिलीच, त्यामुळे मला कारखान्यावर न्यायचं नाही असं आईनं ठरवलं आणि त्या महिन्यांसाठी मला काकूकडे ठेवलं. वस्ताद मला नावानं हाक मारत नसत. "ए कॉलेज, इकडं ये, वास घे," असं म्हणायचे. मग कढईतलं काहीतरी नाकाशी धरायचे.

हॉटेलच्या नावात माझाही थोडा हात होता. त्या बेटाभोवतीच्या समुद्राला मराठीत काय म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी तेव्हा शाळेत होते, काकूकडे राहायला यायच्या आधी. भूगोलाचं पुस्तक बघून सांगितलं, भूमध्य समुद्र. पण आमच्या बोलण्यात ध चा द होतो. थोड्याच दिवसांत सगळं गाव 'भूमद्य' म्हणू लागलं, आणि मद्य म्हणजे काय हे कीर्तनं ऐकून सगळ्यांना माहीत होतं.

"काय वस्ताद, नावातच उघडून ठेवली की," समोरचे शेठ म्हणायचे.

शेठचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. त्यावर 'वाईन शॉप' असं लिहिलेलं होतं. आत व्हिस्की, रम, बिअर आणि देशी मिळायची. वाईन मिळत नव्हती. आमच्याकडे वाईन म्हणजे बाटलीत जे काही असेल ते.

"एक तरी वाईन ठेव की बे दुकानात," वस्ताद म्हणायचे.

"बोर्डावर ठेवली ना. आत कावून ठेवू? कोण पितंय?"

त्यामुळे वस्तादांकडे वाईन घेऊन जवळजवळ कुणीच आलं नाही. लोक शेठकडून हाफ घ्यायचे आणि रस्ता ओलांडायचे. कायद्यानं हे चालत नाही, परवाना नसलेल्या हॉटेलात पिऊ देणं गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. वस्तादांना माहीत असणार. रस्त्यावरच्या सगळ्याच ढाब्यांवर तसं चालायचं, म्हणून त्यांनी फार विचार केला नसावा. त्यांचा विचार दुसरीकडेच असायचा. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आत ते हात पुढे करून म्हणायचे, "बाटली बघू आधी."

बाटली बघून, झाकण उघडून, वास घेऊन, चमच्यात एक थेंब ओतून तो जिभेवर फिरवायचे आणि मोरीत थुंकायचे. याचा लोकांना राग यायचा.

"वस्ताद, थुंकता कावून? पैशाची हाय ती."

"पोटात गेली की जीभ खोटं बोलायला लागती," ते म्हणायचे. मग ठरवायचे. व्हिस्कीला धूर लागतो, म्हणून निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, त्यात वाटलेले तीळ, दही, लसूण. बिअर असेल तर माजलगावच्या धरणातला मासा, तळून, वर लिंबू. दिंद्रुडहून आणलेला हरभरा शिजवून, तिळाबरोबर लोण्यासारखा वाटून, वर करडईचं तेल सोडून ते एक पदार्थ करायचे. तो मात्र बिअरवाल्यांना मागूनही मिळत नसे. "पोट फुगंल," एवढंच उत्तर. आणि कुणी देशी घेऊन आलं की वस्ताद बाटलीचं झाकण लावून परत द्यायचे. "ह्याला काईच जमत न्हाई. घरी जा, भाकर खा, झोप."

लोक म्हणायचे, हे तर भरीत हाय. हे तर गार पिठलं हाय. टांगलेलं घट्ट दही दिलं तर, हा चक्का हाय, साखर कुठं गेली? वस्ताद वाद घालत नसत. फारच कुणी चिडलं तर विचारायचे, "आमरसाबरोबर कुरडई कावून खातो बे?"

"चांगली लागती म्हणून."

"कावून चांगली लागती?"

मग उत्तरही वस्तादच द्यायचे.

"गोडाला खारट लागतं, मऊला कुरकुरीत लागतं. तुझ्या आईला कळतंय ते. मग बाटलीला कावून लागू न्हाई?"

हे मला पटायचं. आजही कॉलेजच्या कँटीनमध्ये बसल्यावर मी समोरच्या ताटाकडे बघून कशाला काय लागेल याचा विचार करते. मैत्रिणींना सांगत नाही.

एकदाच खरी वाईन आली. परळीच्या वीज केंद्रातले एक इंजिनिअर मित्राला घेऊन चौसाळ्याहून बीडकडे निघाले होते. त्यांच्याकडे लाल वाईनची बाटली होती, कुणीतरी भेट दिलेली. वस्तादांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"गरम हाय," ते म्हणाले. "कुठं ठेवली होती?"

"गाडीत, समोर. काचेपाशी."

"उभी?"

"हो. मग कशी?"

वस्तादांनी बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती माठाशेजारी आडवी ठेवली आणि त्या दोघांना दुपारभर बसवून ठेवलं. तोवर मटण शिजवलं, दालचिनी घालून, डाळिंबाचा रस गुळासारखा आटवून. मी कॉलेजहून आले तेव्हा सगळं शेड त्या वासानं भरलेलं होतं. ताटं लागली. वस्तादांनी अंगातलं मळकं बनियन बदलून शर्ट घातला होता. ते जरा लांब उभे राहून बघत होते. आणि इंजिनिअरच्या मित्रानं ग्लासात वाईन ओतली आणि वरून सोडा टाकला.

वस्ताद पुढे गेले आणि त्याच्या समोरचं ताट उचललं.

"ओ काका, जेवतोय मी."

"सोडा प्या तुमी. मटण राहू द्या."

इंजिनिअर हसले, पण मित्र उठून गाडीत जाऊन बसला. वस्तादांनी ते मटण मला दिलं. मी ते घरात घेऊन गेले, काकूच्या समोर बसून खाल्लं. काकूनं ताटाकडे बघितलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. "बाटलीसाठी केलेलं हाय ते," ती म्हणाली. इतकी वर्षं नवऱ्याच्या हॉटेलातला घासही तिनं खाल्ला नव्हता. तिला खावंसं वाटत नव्हतं असं मात्र मला वाटत नाही.

आता बोर्डावरच्या चित्राबद्दल. वस्तादांनी परदेशातून येताना स्वतःसाठी एक बाटली आणली होती. ती ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या आत आडवी पुरून ठेवली होती. वाईनच्या बाटलीला लाकडासारखं बूच असतं. बाटली उभी ठेवली की ते वाळतं, मग हवा शिरते आणि वाईन आंबते. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं. हे ते प्रत्येकाला सांगायचे, ज्यांच्या बाटल्यांना पत्र्याची झाकणं असायची त्यांनाही. म्हणून बीडहून पेंटर आला तेव्हा त्यांनी बोर्डावर बाटली आडवी काढायला लावली. पेंटरचाचांनी दोनदा विचारलं, "वस्ताद, सोच लो. आडी बोतल का मतलब इधर अलग होता है."

मतलब वेगळाच होता. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांचं मतदान घेतात. कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू दे म्हणणारीनं उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीनं आडवीवर. आसपासच्या गावांत हे झालेलं होतं. त्यामुळे बोर्ड बघून बायकांना वाटलं, हे दारू न चालणारं हॉटेल. एसटीची वाट बघणाऱ्या बायका पोरांना घेऊन बिनधास्त आत येऊ लागल्या. पुढच्या बाकांवर त्या, मागच्या बाकांवर हाफवाले. नाव भूमद्य आणि बाटली आडवी, म्हणून कुणालाच काही नक्की सांगता येत नव्हतं. वस्तादांना दोन्ही बाकांवरचे लोक सारखेच.

मग आमच्याच गावात मतदान ठरलं. अर्ज करणाऱ्या बायकांमध्ये काकू पुढे होती.

मला त्या दिवसांचं अजून ओझं वाटतं. दुपारी काकू घरोघर फिरायची, मला बरोबर न्यायची, कारण मला नीट बोलता येतं असा तिचा समज होता. संध्याकाळी मी मधल्या दारातून हॉटेलात जायचे तर तिथं वस्ताद वांगी भाजत असायचे. शेठचं दुकान बंद झालं तर रस्ता ओलांडून कोण येणार हे सगळ्यांना दिसत होतं. एका संध्याकाळी काकूनं जेवताना ते बोलून टाकलं.

"तुमचं हॉटेल बसंल ह्याच्यात."

"बसंल," वस्ताद म्हणाले.

"मग?"

"मग काय. तू तुझं कर. मी माझं करतो."

मतदानाच्या थोडे दिवस आधी शेठ हॉटेलात आले. येताना पेंटरचाचांनाही घेऊन आले. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते.

"वस्ताद, ती बाटली उभी करून घे. रंग माझा, पेंटर माझा."

"उभी केली तर बूच वाळतं."

"चित्रातलं बूच बे."

"चित्रातलं असलं तरी."

शेठ खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज चढला नाही. "हे बघ. रोज शंभर बाया एसटीतून उतरत्यात आन तुझी आडवी बाटली बघत्यात. फुकटात प्रचार चाललाय. तुझं पोट माझ्या दुकानावर हाय, कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

"मग बी आडवीच."

शेठ पेंटरचाचांकडे बघत राहिले. पेंटरचाचांनी ब्रशची पिशवी काखेत धरली आणि वस्तादांना म्हणाले, "चाय तो पिलाओ."

हे बोलणं मधल्या दारातून काकूनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "माणूस वरून तिरपा हाय, पर माझ्या बाजूनं हाय." मला खरं कारण माहीत होतं. नंतर वस्ताद एकटे असताना मी विचारलं, "काकूला सांगू का, की तुम्ही बुचासाठी केलं?"

"कावून? तिला बरं वाटायलंय."

शेठनं तक्रार केली. एक कारकून आणि शिपाई आले आणि म्हणाले, हे मतदानाचं चिन्ह आहे, झाका. मी वस्तादांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं.

"साहेब, ती झोपलेली हाय. निवडणुकीला उभी राहिली तर झाका."

कारकुनालाही हसू आलं, पण हुकूम होता. शिपायानं बोर्डावर एक जुनी चादर बांधली. चादर पातळ होती. सूर्य मावळतीला गेला की मागून उजेड यायचा आणि बाटली आधीपेक्षा ठळक दिसायची.

मतदान शाळेत होतं. माझं ते पहिलं मत. बाकी पोरींना पहिल्या मताचं काय काय वाटतं, मला घरच आठवत होतं. आमच्या घरातली बाटली हॉटेलात जात नसे. ती थेट घरी यायची आणि जेवणाआधीच संपायची. कुणी तिच्याबरोबर काय खायचं हे ठरवत नसे. आई काय करत असेल, कारखान्यावर पाचटाच्या कोपीत बसून आज मला काय सांगत असेल, हे मला न विचारता ऐकू येत होतं. आणि दुसरीकडे ते मटण होतं, शर्ट घालून उभे राहिलेले वस्ताद होते. पडद्याआड मी बराच वेळ उभी होते. बाहेरून मतदानाच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आटप गं, बाटल्याच हायत, दोनच." मी आडवीवर शिक्का मारला.

हॉटेलात जायला पाय निघेना. शेवटी भूक लागली म्हणून गेले. वस्ताद हरभरा वाटत होते. माझ्या बोटावरची शाई त्यांनी पाहिली. मी काहीतरी बोलणार होते.

"बाटली आडवीच ठेवायची असती, कॉलेज," ते म्हणाले. "जा, हात धू. जेव."

आडवी बाटली जिंकली. गुलाल उधळला, काकूला बायकांनी उचलून घेतलं. थोड्याच दिवसांत शेठनं शटर ओढलं आणि ते दुसरीकडे निघून गेले. पिणारे चौसाळ्याला जाऊन पिऊ लागले. माझ्या वडिलांना आता बाटलीसाठी तिथपर्यंत जावं लागतं. कधी कंटाळून जात नाहीत. तेवढंच.

हॉटेल एकदम बंद पडलं नाही. आधी मागचे बाक रिकामे झाले. पुढच्या बाकांवरच्या बायका चहा मागायच्या, पोरांना वडापाव हवा असायचा. लोकांनी सांगितलं, मिसळ सुरू करा, चालेल. वस्ताद म्हणायचे, "बघू." रोज निखारे पेटवायचे, दारात बसायचे. कुणी आलं की हात पुढे व्हायचा, मग आठवायचं आणि तो हात ते गुडघ्यावर ठेवायचे. त्यांना तसं बघून मला थकवा यायचा. मी अभ्यासाचं निमित्त काढून आत जायचे.

शेवटी परळीला लेकीकडे जायचं ठरलं. जावयाच्या ओळखीनं एका कँटीनमध्ये काम मिळत होतं. सामान बांधलं, भांडी विकली. हॉटेलचा शेवटचा दिवस होता. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, वस्ताद विझत आलेल्या भट्टीपाशी बसलेले आणि मी राख भरत होते.

मधलं दार वाजलं. काकू होती. चांगलं लुगडं नेसली होती आणि काखेत कापडी पिशवी होती. दारात ती जरा थांबली. मग उंबरा ओलांडून आली आणि पुढच्या बाकावर बसली. वस्ताद तिच्याकडे बघतच राहिले.

"गिऱ्हाईक हाय," काकू म्हणाली. "विचारा की."

वस्तादांनी हात लुंगीला पुसले. समोर येऊन त्यांनी हात पुढे केला. "बाटली बघू आधी."

काकूनं पिशवीत हात घातला. पिशवीचा खालचा भाग भिजला होता आणि त्यातून पांढरे थेंब बाकावर पडत होते. थंड पेयाची जुनी प्लास्टिकची बाटली तिनं बाहेर काढली. तोंडाला कापडाचा बोळा होता. अर्धंच ताक उरलं होतं.

"सांडलं गं सगळं," मी म्हटलं.

"आडवी आणली," काकू म्हणाली. "आडवीच आणायची असती ना?"

वस्तादांनी बाटली घेतली. बोळा काढला, वास घेतला. चमचा शोधला, थेंब जिभेवर घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. या वेळी ते थुंकले नाहीत.

"ताकाची उभी आणायची," ते म्हणाले. मग भट्टीकडे वळले आणि राखेखाली कुठं निखारा उरलाय का ते फुंकून बघू लागले. "बस. वांगं हाय एक. ह्याला वांगं चालतं."